लुइझियानाची बाटली आणि हडपसरचा बँजो

गेल्या भीमजयंतीच्या रात्रीची गोष्ट. हडपसरच्या गाडीतळावरून मिरवणूक पुढे सरकली होती. डीजेच्या भिंतीपुढे तरुण बेभान होऊन नाचत होते आणि आवाजाने आमच्या छातीत धडधडत होते. वयोमानाने म्हणा किंवा कानांच्या तक्रारीने म्हणा, आम्ही लवकर मागे फिरलो आणि वस्तीतील एका काकांच्या ओट्यावर जाऊन टेकलो. काका आता पंचाहत्तरीच्या पुढचे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे घाम गाळला, आणि पाळी संपली की रात्री भीमगीतांच्या गायन पार्टीत बँजो वाजवला. आपण ज्याला बँजो म्हणतो तो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणे असलेला बुलबुल तरंग. नाव छापू नका अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून येथे ते फक्त काका.

ओट्यावर त्यांचा नातू मोबाइलवर काहीतरी ऐकत बसला होता. पोरगा इंजिनीअरिंगला आहे. मिरवणुकीचा आवाज लांब गेल्यावर त्या मोबाइलमधला सूर ऐकू येऊ लागला. एक गिटार होती, पण गिटारीसारखी वाजत नव्हती. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत नव्हता. तो घसरत, ओढत, लांबवत जात होता, जणू कोणी बाई दळताना ओवीचा शेवट ओढते तसा. काकांनी मान वर केली आणि विचारले, "कोण रे हा? आपल्यातलाच दिसतोय. कुठल्या पार्टीचा?"

नातू हसला. म्हणाला, "आजोबा, अमेरिकेतला आहे हा. १९३६ सालचं रेकॉर्ड आहे."

काका थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "असेल. पण ह्याच्याकडं पण पैसं नव्हतं. बाटली घासतोय तो."

वाचकहो, काकांचे म्हणणे बरोबर होते. तो वादक होता लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट शहराचा ऑस्कर 'बडी' वूड्स. कृष्णवर्णीय. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर काच किंवा धातू घासत वाजवणारा. या प्रकाराला स्लाइड गिटार म्हणतात, आणि त्यातून जे गाणे येते ते ब्लूज. काकांना इंग्रजी येत नाही आणि लुइझियाना कोठे आहे हेही ठाऊक नाही. मग त्यांनी ते कसे ओळखले? त्याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या बँजोत आहे. एका साली त्यांच्या बँजोची बटणे मोडली. नवीन घ्यायला पैसे नव्हते आणि जयंती तोंडावर आली होती. तेव्हा काकांनी बटणांची पट्टीच काढून टाकली आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तारेवर घासून सबंध कार्यक्रम वाजवला. लोकांना तो आवाज इतका आवडला की पुढे दोन-तीन गाणी ते मुद्दाम बाटलीवर वाजवू लागले. श्रीव्हपोर्टचा वादक आणि हडपसरचा कामगार यांची भेट कधीच झाली नाही. पण दोघांच्या हातात एकच वाद्य आले होते. ते म्हणजे कोणीतरी फेकून दिलेली बाटली.

हे वाद्य वाजते कसे, ते आधी समजून घेऊ. गिटारीच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. आपण त्यांना पडदे म्हणतो. बोट पडद्यामागे दाबले की ठरलेला सूर येतो. दोन पडद्यांच्या मधले सूर गिटारीत असतात, पण पडदे त्यांना वाजू देत नाहीत. कोमल गंधार मिळतो, शुद्ध गंधार मिळतो, पण त्या दोहोंच्या मधली जी जागा गळ्यातून सहज निघते ती मिळत नाही. ब्लूजचा जीव नेमका त्या मधल्या जागेत आहे. म्हणून या लोकांनी पडद्यांवर बोट दाबणेच सोडले. बाटलीचा गळा कापून, त्याची कड घासून तो करंगळीत किंवा अनामिकेत घातला, आणि तारेला फक्त टेकवून तो वरखाली सरकवला. तार दाबायची नाही, नुसती स्पर्शायची. तारा आधीच अशा जुळवायच्या की सगळ्या मोकळ्या छेडल्या तरी एक सुसंगत मेळ वाजावा. मग एकटा माणूस अंगठ्याने खालच्या तारांवर ठेका धरतो आणि बाटलीने वरच्या तारेवर गातो. होय, गातोच. या वादनात गायकाने ओळ अर्धी सोडायची आणि उरलेली ओळ गिटारीने पुरी करायची, अशी रीत आहे. आपल्याकडे गायन पार्टीत मुख्य गायकाची ओळ कोरस उचलतो, तसे. फरक इतकाच की त्या एकट्या माणसाला कोरस परवडत नव्हता. त्याचा कोरस त्याच्या करंगळीत होता.

आमच्या मते या संगीताची ओढ येथे आहे. आखून दिलेल्या जागांवरच उभे राहा, मधल्या जागेत पाऊल टाकू नका, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांच्या कानाला मधल्या जागेचा सूर ओळखीचा वाटणारच.

आता ही बाटली आली कोठून? अमेरिकेच्या दक्षिणेत गरीब काळ्या घरांतील मुले भिंतीवर किंवा फळीवर एक तार ताणून ठोकत, तिच्याखाली डबा किंवा बाटली सारून ती ताठ करत आणि दुसऱ्या बाटलीने घासून वाजवत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या एकतारी वाद्यांची ती आठवण होती. जगप्रसिद्ध ब्लूज गिटारवादक बडी गाय यांचा जन्म १९३६ साली लुइझियानातील लेट्सवर्थ या खेड्यात, वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात झाला. त्यांचे पहिले वाद्य दोन तारांचे होते आणि ते त्यांनी घरीच बनवले होते. हेच बडी गाय २०११ साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेले. आमच्या तुणतुण्यालाही तार एकच असते. एक लाकडी नळकांडे, तळाला चामडे, एक काठी आणि एक तार. जगातील गरिबाने जेव्हा जेव्हा वाद्य बनवले, तेव्हा तारेपासूनच सुरुवात केली असे दिसते.

ब्लूजमधल्या स्लाइडचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर आला तो १९२३ साली, केंटकीच्या सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाच्या हातून. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९०३ च्या सुमारास, संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनवर फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारीच्या तारेवर सुरी घासून गाताना ऐकला होता. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात तो प्रसंग लिहून ठेवला. हँडी मोठे झाले. त्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

दुसरा एक झरा हवाई बेटांतून आला. तेथे जोसेफ केकुकु या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीवरच्या गिटारीवर पोलादी तुकडा सरकवण्याची पद्धत रूढ केली. त्याच्याही आधी गॅब्रियल डॅव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक खलाशी तेथे अशी गिटार वाजवीत असे, अशी एक जुनी हकीकत सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तारेवर गोटा सरकवून वाजवायची विचित्र वीणा आपल्याकडे आहेच. हीच हवाईयन गिटार पुढे हिंदी सिनेमात आली. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या ज्यांनी लग्नाच्या मांडवात ऐकल्या त्यांना हा आवाज परका नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तीवर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांनी अमेरिकन स्लाइडवादक राय कूडर यांच्यासोबत वाजवलेल्या तबकडीला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. आणि आमचा बँजो? तो जपानचा. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरची बटणे बसवून तैशोगोतो नावाचे वाद्य बनवले. तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झाले. स्वस्त, शिकायला सोपे, गुरूच्या घरी पाणी भरण्याची गरज नाही. ज्याला घराण्याचे दार बंद होते त्याने ते उचलले आणि त्यावर भीमगीते वाजवली. तेव्हा 'हे आपले नव्हे, परक्यांचे' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. वाद्य कोणाच्याही देशाचे असो, ते कोणाच्या हातात आले आणि त्यातून कोणाचे म्हणणे निघाले, हे महत्त्वाचे.

हे म्हणणे लुइझियानातच इतके खोल का गेले, हे तेथील इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. हडपसरच्या वाचकाला तो इतिहास समजायला फार लांब जावे लागणार नाही. दर हंगामात सोलापूर रस्त्याने ऊसतोड कामगारांच्या गाड्या जाताना आपण पाहतो. गाडीत संसार, संसारावर लेकरू. आपल्या शेजारी मांजरीला ऊसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. लुइझियानाचा दक्षिण भागही ऊसाचाच. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे सुमारे दहा हजार ऊस कामगारांनी, बहुतेक काळे, मजुरीसाठी संप केला. थिबोडो गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी त्यांना वेचून मारले. मेलेल्यांची नीट मोजणीही कोणी केली नाही. गुलामी कायद्याने संपून तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

पुढे १८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी हा माणूस आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ साली निकाल लागला की डबे वेगळे असले तरी समान असतील तर त्यात अन्याय नाही. 'वेगळे पण समान' ही लबाडी पुढे अठ्ठावन्न वर्षे अमेरिकेचा कायदा होऊन बसली. वेगळा पाणवठा, वेगळा कप, वेगळा बाक यांचा अनुभव ज्यांच्या आजोबांना आहे त्यांना ही लबाडी समजावून सांगावी लागत नाही. याच लुइझियानात अंगोला नावाचा तुरुंग आहे. ती पूर्वी गुलामांची शेती होती. ज्या आफ्रिकी मुलखाचे नाव त्या शेतीला पडले, तेच तुरुंगालाही चिकटले. मालक बदलला, शेत तेच राहिले.

त्या अंगोला तुरुंगात १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन हे लोकगीते मुद्रित करण्याचे यंत्र घेऊन गेले. तेथे त्यांना हडी लेडबेटर, म्हणजेच लेड बेली हा कैदी सापडला. बारा तारांची गिटार वाजवणारा हा माणूस काही गाण्यांत सुरी घासूनही वाजवी. राज्यपालांना उद्देशून गाणे म्हटले आणि त्याची सुटका झाली, अशी कथा नंतर पसरली. तुरुंगाचे म्हणणे होते की ती नियमाप्रमाणे मिळालेली सूट होती. सुटल्यावर लोमॅक्स यांनी त्याला न्यूयॉर्कला नेले. तेथे १९३५ सालच्या एका बातमीपटात त्याला पुन्हा कैद्याच्या कपड्यांत दाखवण्यात आले. माणूस सुटला होता, पण प्रेक्षकांना कैदीच पाहायचा होता. पुढे पैशांवरून दोघांचे फाटले. लेड बेली १९४९ च्या डिसेंबरात गेला. पुढच्याच वर्षी त्याच्याकडून लोकांपर्यंत पोहोचलेले एक गाणे दुसऱ्या गायकांनी गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले.

ऑस्कर वूड्सची कथा तर आम्हांस याहूनही बोलकी वाटते. १९३२ साली त्याने आणि त्याचा साथीदार एड शेफर याने जिमी डेव्हिस या गोऱ्या गायकाच्या तबकड्यांवर स्लाइड गिटार वाजवली. काळे आणि गोरे एका मुद्रणात एकत्र वाजवताहेत, हे त्या काळी दुर्मिळ होते. डेव्हिस हा स्वतः गरीब वाटेकऱ्याचा मुलगा. त्याने काळ्यांचे ब्लूज ऐकले, उचलले, गायले. गाण्यावर तो इतका लोकप्रिय झाला की १९४४ साली लुइझियानाचा राज्यपाल झाला. १९६० साली दुसऱ्यांदा झाला. आणि त्याच १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश देण्याचा न्यायालयाचा आदेश अमलात यायचा होता, तेव्हा तो रोखण्यासाठी याच राज्यपालाने विधिमंडळाची खास अधिवेशने बोलावली. रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची पोर केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेची पायरी चढली. ज्याच्या गाण्यामागे काळ्या माणसाची बाटली वाजली होती, त्याला काळ्या माणसाचे लेकरू शाळेत नको होते.

बांधवांनो, यात आपल्यासाठी धडा आहे. कला आवडणे आणि कलावंताला माणूस मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तमाशाच्या फडात ढोलकीवर टाळ्या पिटणाऱ्या गावानेच सकाळी त्या ढोलकीवाल्याला पाणी वरून वाढले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून स्लाइड गिटारची मोहिनी पडलेल्या आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे की जरूर ऐका, कान भरून ऐका, पण तबकडीवरचे नाव वाचून थांबू नका. मागे कोण वाजवतो आहे तेही विचारा.

आता एक आक्षेप. आमच्या एका जुन्या कार्यकर्ता मित्राने हे सर्व ऐकून घेतले आणि म्हटले, "ब्लूज म्हणजे रडगाणे. बाबासाहेबांनी आपल्याला रडायला नाही, लढायला शिकवले. काळ्यांचे प्रेरणादायी ते घ्या, रडणे कशाला घेता?" हा आक्षेप हलका नाही. आपले आणि काळ्यांचे नाते लढ्याचेच आहे. याच पुण्यातून महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. या सर्व नात्यात ब्लूज कोठे बसते?

आमचे उत्तर असे आहे. ब्लूजमध्ये रडणे आहे, पण याचना नाही. बाटली घासणारा माणूस कोणाकडे दया मागत नाही. तो फक्त सांगतो की आज माझ्यावर हे गुदरले. त्याच्या गाण्यात 'मी' असतो. मालकाने हिशेबात फसवले तो मी, पूर आला आणि घर गेले तो मी, बायको सोडून गेली तो मी. आपल्या भीमगीतांत 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. ते स्वाभाविकच होते. ज्याला गाव माणूस म्हणत नव्हते, त्याला आधी समाज म्हणून उभे राहायचे होते. लुइझियानाच्या मळ्यातील माणसाला गाण्यात आणायला मुक्तिदाता नव्हता, आपल्याला होता. ही आपली श्रीमंती आहे. पण या श्रीमंतीत आपण एक गोष्ट हरवून बसलो का, हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीपासून छळतो आहे.

कारण त्याच रात्री काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पत्नी झाडूकाम करीत. पहाटे चारला निघत, आणि काका रात्रपाळी करून सातला येत. वर्षानुवर्षे दोघांची गाठ फक्त रविवारी पडे. त्या गेल्यावर काकांनी त्यावर एक गाणे रचले. ती उठायची तेव्हा मी यंत्रावर, मी निजायचो तेव्हा ती रस्त्यावर, अशा अर्थाचे. ते त्यांनी बाटलीवरच बसवले. आणि एकदाही कार्यक्रमात म्हटले नाही. का, असे विचारले तर म्हणाले, "त्यात बाबासाहेबांचं नाव नाही. जयंतीला असलं कोण ऐकणार?"

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. ज्या बाबासाहेबांनी सफाई कामगाराच्या, गिरणी कामगाराच्या, राबणाऱ्या बाईच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्या जयंतीला एका सफाई कामगार बाईच्या आयुष्याचे गाणे चालू नये? हा संकोच कोणी शिकवला? बाबासाहेबांनी तर नक्कीच नाही. वामनदादा कर्डकांनी भीमाचा जयघोष केला आणि गरिबाच्या भाकरीचा हिशेबही मागितला. मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे झोपडीतल्या माणसाचे जिणे गात असत. १९९७ च्या ११ जुलैला रमाबाई नगरात गोळीबार झाला आणि १५ जुलैला त्यांनी आपले जीवन संपवले. हे दुःख आपलेच होते, आणि ते गाण्यात होते. डीजेच्या भिंतीने ते झाकले आहे, संपवलेले नाही.

आमचा डीजेवर राग नाही. तरुणांनी वर्षातून एकदा रस्ता आपला करावा, याचे मोल आम्ही जाणतो. पण जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा भाड्याच्या स्पीकरवर जातो आणि गायन पार्टीला चहापाण्याचे पैसे देतानाही हात आखडतो, तेव्हा बोलावे लागते. हडपसरात आता मोठमोठे संगीत महोत्सव झाले आहेत. अमनोरा टाऊनशिपच्या मैदानावर २०१२ साली एनएच सेव्हन वीकेंडरसारखा महोत्सव भरला. तिकीट काढून आमचीही काही शिकलेली मुले तेथे गेली, याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बँजोवाल्याला त्याच्या स्वतःच्या वस्तीतही मंच नसेल, तर तो दोष मैदानाचा नव्हे, आपला आहे.

आणि आता आमच्या कबुलीची वेळ. काकांच्या पार्टीचे जे मुख्य गायक होते ते २००९ साली वारले. पहाडी आवाज, शंभर-सव्वाशे गाणी तोंडपाठ, त्यातली निम्मी स्वतः रचलेली. ती एका जाड वहीत लिहिलेली होती. ते गेल्यावर घर हलवताना ती वही रद्दीत गेली. त्यांच्या आवाजाचे एकही मुद्रण नाही. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला आम्ही पहिल्या रांगेत होतो. खिशात मुद्रण करणारा मोबाइल होता. आम्ही भाषणे मुद्रित केली, पाहुण्यांचे सत्कार मुद्रित केले. गाणे नाही केले. टटवायलर स्टेशनवरच्या त्या सुरीवाल्याचे नाव हँडींना माहीत नव्हते. आम्हांला तर आमच्या गायकाचे नाव, गाव, घर सर्व माहीत होते. तरीही आम्ही त्याला तसाच जाऊ दिला.

लुइझियानाचा आवाज आज हडपसरच्या ओट्यावर ऐकू येतो, कारण कोणीतरी तो नोंदवून ठेवला. ऑस्कर वूड्सच्या तबकड्या निघाल्या आणि १९४० साली जॉन लोमॅक्स यांनी श्रीव्हपोर्टला जाऊन अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठीही त्याला मुद्रित केले. लोमॅक्सांच्या वागण्यात दोष होते, ते वर सांगितलेच. पण म्हणूनच आपली नोंद आपण करावी. दुसरा कोणी यंत्र घेऊन येईल आणि आपल्याला त्याला हवे ते कपडे घालायला लावील, याची वाट पाहू नये.

पुढच्या रविवारी आम्ही काकांच्या घरी गेलो. नातवाने मोबाइल भांड्यांच्या मांडणीवर टेकवून ठेवला. काकांनी कपाटावरून बँजो काढला, धूळ झटकली, तारा जुळवल्या. बाटली सापडेना. शेवटी नातवाने मेडिकलमधून खोकल्याचे औषध आणले, ते वाटीत ओतून ठेवले आणि बाटली धुऊन आजोबांच्या हातात दिली. काकांनी चाळीस मिनिटे वाजवले. शेवटी आजींचे गाणे म्हटले. मध्ये एकदा बाहेर पाण्याचा टँकर आला आणि बायकांचा गलका झाला, तोही मुद्रणात आला आहे. आम्ही तो तसाच राहू दिला.

आमची सर्व जयंती मंडळांना, विहार समित्यांना विनंती आहे. येत्या वर्षात आपल्या वस्तीत कोण बँजो, ढोलकी, एकतारी, तुणतुणे, हलगी वाजवत होते त्यांची यादी करा. त्यांच्या घरी जा, मुद्रण करा. वह्या असतील तर त्यांची छायाचित्रे घ्या. गाण्यासोबत गायकाचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. त्यात बाबासाहेबांचे नाव असलेली गाणी घ्या आणि नसलेलीही घ्या. आणि जयंतीच्या दिवशी डीजे सुरू होण्याआधी एक तास त्यांना द्या. एकच तास.

काकांनी येत्या चौदा एप्रिलला गायला होकार दिला आहे. बाटली नातवाने जपून ठेवली आहे. आता ऐकायला बसायचे काम आपले आहे. जयभीम!